उभ्या नोकरीची वहाण

मराठी माणसाने पायाला जेवढा मान दिला तेवढा दुसऱ्या कुठल्या अवयवाला क्वचितच दिला असेल. आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, संतांच्या पादुका पालखीत घालून आषाढीला पंढरपूरला नेतो, घरात आलेल्या नव्या सुनेचे पाऊल लक्ष्मीचे समजतो. पण याच पायांवर दिवसाचे नऊ-दहा तास उभे राहून जी माणसे पोट भरतात, त्यांच्या पायात काय आहे हे पाहण्याची आपल्याला सवय नाही. चपलेचा विषय निघाला की आपल्याकडे तो एक तर विनोदाचा होतो, नाही तर अपमानाचा. आज तो जरा वेगळ्या अंगाने काढावा म्हणते.

सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास आपल्या छत्रपती संभाजीनगरात एक फेरी मारून पाहा. गुलमंडी, टिळक पथ, औरंगपुरा इथल्या दुकानांची शटरे वर गेलेली असतात आणि आत साड्यांच्या घड्या लावत मुली उभ्या असतात. क्रांती चौकात वाहतूक पोलीस उभा असतो. घाटीत वॉर्डावॉर्डांतून सिस्टर उभ्या असतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत लाइनवर कामगार उभे, शाळेत फळ्यापुढे बाई उभ्या, सलूनमध्ये खुर्चीमागे कारागीर उभा. तिकडे अजिंठ्याच्या गाईडची आणखी वेगळी तऱ्हा. त्याने पायऱ्या चढायच्या, प्रत्येक लेण्याच्या दाराशी बूट काढायचे, आत अंधारात उभे राहून माहिती सांगायची आणि बाहेर येऊन पुन्हा बूट चढवायचे. बसून काम करणाऱ्यांनी शहर चालवले असे आपल्याला वाटते; प्रत्यक्षात ते उभ्याने काम करणाऱ्यांनी सांभाळलेले असते.

मी स्वतः तेहतीस वर्षे बँकेत नोकरी केली ती बसून. काउंटरच्या अलीकडे खुर्ची होती, पलीकडे रांग. ‘जोडे झिजवणे’ हा वाक्प्रचार कुठून आला हे मला कोशात पाहावे लागले नाही, कर्जाच्या कागदांसाठी चकरा मारणारी माणसे रोज समोर दिसत. त्यामुळे उभ्या नोकरीबद्दल मी जे लिहिते आहे ते माझ्या भाचीकडून शिकलेले आहे.

ही भाची सव्वीस वर्षांची. बी.कॉम. झालेली. शहरातल्या एका मोठ्या शोरूममध्ये साड्या दाखवते. साडेदहाला हजेरी, रात्री नऊला सुटका, मध्ये जेवणाचा अर्धा तास. खाली आरशासारखी चकचकीत फरशी, आणि खुर्च्या फक्त गिऱ्हाइकांसाठी. गणवेशाची साडी दुकान देते, पादत्राण मात्र आपल्या पैशाने घ्यायचे आणि तेही नियमाप्रमाणे: काळे, पुढून बंद, दोन इंच टाचेचे. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली, न बोलता बादलीत कोमट पाणी आणि मीठ घेऊन गॅलरीत पाय सोडून बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “आत्या, मला असा एक जोडा शोधून दे ना, की दिसायला शोरूमसारखा असेल आणि पायात घातला की माहेरी आल्यासारखं वाटेल.”

मी तिचे पाय पाहिले. करंगळीवर आणि चवड्याखाली कुरूप झाले होते.

आपल्या भाषेचे मला इथे नवल वाटले. पायाला सतत एकाच जागी दाब बसून जी टणक गाठ होते तिला आपण ‘कुरूप’ म्हणतो, आणि जे दिसायला वाईट त्यालाही कुरूपच म्हणतो. सुंदर दिसण्यासाठी घातलेला जोडा पायाला कुरूप देतो, हे भाषेने आधीच सांगून ठेवले आहे.

आता उभे राहण्याने नेमके होते काय, ते पाहू. माणसाच्या एका पावलात सव्वीस हाडे आणि तेहतीस सांधे असतात. चालताना पोटरीचे स्नायू आकसतात आणि सैल होतात, आणि दर वेळी पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. म्हणून तर पोटरीला कुणी कुणी दुसरे हृदय म्हणतात. माणूस एका जागी उभा राहिला की हा पंप जवळजवळ बंद पडतो. रक्त आणि पाणी खाली साचते, घोटे सुजतात, वर्षानुवर्षे असेच चालले की काहींच्या शिरा फुगून निळ्या दिसू लागतात. पंढरीची वारी करून आलेला वारकरी ताजातवाना दिसतो आणि दिवसभर एका काउंटरला उभी राहिलेली मुलगी ‘पायांचे तुकडे पडले’ म्हणते, त्याचे एक कारण हे आहे. चालणाऱ्याचा पंप चालू असतो.

त्यात टाच उंच झाली की शरीराचा भार पुढे चवड्यावर जातो. टोक निमुळते असेल तर पाचही बोटे एका कोपऱ्यात कोंबली जातात. अंगठा आतल्या बाजूला कलतो आणि त्याच्या मुळाशी गाठ वाढते. रोज उंच टाच वापरणाऱ्या बाईच्या पोटरीचा स्नायू कालांतराने आखडतो, आणि मग सपाट चप्पल घातली तरी दुखते. गंमत अशी की उंच टाच ही मुळात बायकांची नव्हेच. इराणच्या घोडेस्वारांनी ती रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणून वापरली, तिथून ती युरोपातल्या सरदारांकडे गेली. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे जोडे मिरवत असे. घोड्यावर बसण्यासाठी जी वस्तू निघाली ती आज फरशीवर दहा तास उभ्या राहणाऱ्या मुलींच्या नियमात लिहिलेली आहे.

या नियमाविरुद्ध जपानमध्ये २०१९ साली मोठा आवाज उठला. युमी इशिकावा या अभिनेत्री-लेखिकेने नोकरीच्या ठिकाणी बायकांवर उंच टाचांची सक्ती नको म्हणून मोहीम काढली. जपानी भाषेत ‘कुत्सु’ म्हणजे बूट आणि ‘कुत्सू’ म्हणजे यातना. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक. पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सने आपल्या हवाई सुंदरींसाठी उंच टाचेची अट काढून टाकली. आपल्याकडे कुरूप, त्यांच्याकडे कुत्सू. पायाचे दुखणे सगळ्या भाषांना कळते.

तर आम्ही दोघी तिच्या सुट्टीच्या दिवशी जोडा शोधायला निघालो. पैठण गेटपासून सुरुवात केली, मग औरंगपुरा, निराला बाजार आणि शेवटी सिडकोतले कॅनॉट प्लेस. पहिल्या दुकानात पेन्सिल हील पुढे आली, तिला लांबूनच नमस्कार केला. दुसरीकडे ‘बेली’ दाखवली. हा सपाट, नाजूक प्रकार मुलींना फार आवडतो, पण तळ इतका पातळ की फरशीवरचा खडाही टोचावा. अति उंच जसे वाईट तसे अति सपाटही दिवसभर उभे राहायला वाईट, हे मला तेव्हा कळले. टाचेला थोडा उठाव, म्हणजे अर्धा ते एक इंच, आणि तोही रुंद असला तर बहुतेकांना बरे वाटते. तिसऱ्या दुकानात स्पोर्ट्स शूज घालून ती टुणकन उभी राहिली आणि म्हणाली, “स्वर्ग!” पण रेशमी साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज शोरूमने चालवून घेतले नसते. चौथ्या दुकानदाराने “डॉक्टरची चप्पल” काढून दिली. मऊ होती, रुंद होती. भाचीने आरशात पाहिले आणि हळूच म्हणाली, “यात मी आजारी दिसते गं.”

माझ्या वयाच्या बायकांना इथे उपदेश करण्याचा मोह होतो. पायापेक्षा दिसणे मोठे का, वगैरे. मी तो गिळला. ती सव्वीस वर्षांची आहे, आणि दुसरे म्हणजे नीट दिसणे हा तिच्या कामाचाच भाग आहे. तिच्याकडे पाहून गिऱ्हाईक साडी घ्यायची की नाही हे ठरवते. आराम हवा असेल तर शोभा सोड, असे तिला सांगणे म्हणजे पगारातला काही हिस्सा सोड म्हणण्यासारखे आहे. आणि शोभा आणि आराम यांचे हाडवैर आहे हे तरी कुणी ठरवले? आपली कोल्हापुरी पाहा. म्हशीचे कातडे, बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले, चामड्याच्याच वादीने हाताने शिवलेले. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा केवढा गदारोळ झाला. मग कंपनीला मूळ भारतीय असल्याचे मान्य करावे लागले. दुसऱ्याच्या वहाणेने विंचू मारण्याची म्हण आपल्याकडे होतीच, इथे दुसऱ्याच्या वहाणेने फॅशन झाली. मात्र हेही सांगायला हवे की कोल्हापुरी ही मातीच्या वाटेची आणि चालत्या पायाची वहाण आहे. टाइल्सवर एका जागी दहा तास उभे राहायचे तर तिचा टणक तळ टाचेला जड जातो.

शेवटी मला माझ्या नोकरीतल्या एका माणसाची आठवण आली. १९८० च्या दशकात मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत होते. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे तेव्हा जोरात चालू होती. कातडे, आरी, रापी आणि शिलाईच्या सामानासाठी कर्ज घेतलेल्या एका वयस्कर चर्मकारांकडे मी पाहणीला गेले होते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहून विचारले, “बाई, चप्पल कधी घेतली, सकाळी का सांजच्याला?” मी म्हटले, सकाळी. “मंग चावनारच. पाय सांजच्याला फुगतो. माप घ्यायचं ते सांजच्याला, आन् उभं राहून.” मग त्यांनी एका कागदावर मला उभे केले, पेन्सिलीने दोन्ही पावलांची रेघ काढली आणि माझी चप्पल त्या रेघेवर ठेवली. दोन्ही बाजूंनी पाय चपलेच्या बाहेर डोकावत होता. “बघा, तुमी पाच घालताय आन् दीडच इंच जागा दिलीय बोटाला,” असे म्हणून ते हसले.

ही परीक्षा आजही कुणालाही घरी करता येते. मला ती पुढे एका सरकारी पाहणीत वेगळ्या रूपात भेटली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक माणसांच्या पावलांची मापे घेतली. निष्कर्ष असा निघाला की भारतीयांची पावले युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असतात. आपण मात्र इंग्रजांनी मागे ठेवलेल्या नंबरांवर जोडे घेत आलो. रुंदीत बसत नाही म्हणून माणूस एक नंबर मोठा घेतो, मग तो लांबीला जास्त होतो, टाच निसटते, आणि जोडा पायात राहावा म्हणून बोटे दिवसभर आकसून धरावी लागतात. या पाहणीवरून भारतीय पावलांसाठी ‘भा’ नावाची नवी मापपद्धती सुचवण्यात आली. भा म्हणजे भारत. म्हाताऱ्या चर्मकारबाबांनी कागदावर एका रेघेत जे सांगितले होते, ते चाळीस वर्षांनी आकड्यांत आले.

मग आम्ही दोघींनी नियमच करून टाकला. खरेदी सूर्य कलल्यावर. दोन्ही पायांत घालून उभे राहून पाहायचे, कारण एक पाय बहुधा दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो. माप मोठ्या पायाचे धरायचे. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. जोडा हातात धरून वाकवायचा. तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मध्येच कंबरेत मोडला तर परत ठेवायचा. पिळून पाहायचा, ओल्या फडक्यासारखा पिळला गेला तर त्यात आधार नाही. टाचेची मागची भिंत दाबली तर ताठ राहायला हवी. आणि “वापरून सैल होईल ताई” असे दुकानदार म्हणाला की हसून उठायचे. जोडा सैल होण्याआधी पायच जखमी होतो.

या नियमांतून जो जोडा निघाला तो काळा, पुढून गोल आणि रुंद, एक इंचाच्या ठोकळ्या टाचेचा, आणि पावलावरून एक बारीक पट्टा असलेला. हा पट्टा मोठा कामाचा. तो पाय धरून ठेवतो, मग बोटांना धरावे लागत नाही. आणि शोभाही त्या पट्ट्यानेच आली. किंमत दीड हजाराच्या आत. करंगळीपाशी मात्र किंचित लागत होता. तो घेऊन आम्ही एका कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या स्टॉलवर गेलो. सरकारच्या समाजकल्याण खात्याकडून गटई कामगारांना असे स्टॉल मिळतात. तिथल्या दादांनी करंगळीची जागा ठोकून-ताणून मोकळी केली आणि आत एमसीआरचा पातळ पत्ता कापून बसवला. काम अर्ध्या तासाचे आणि पैसे दीडशे.

या एमसीआरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ही बारीक छिद्रांची मऊ रबरी शीट. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांवर काम करत होते. रोग्यांच्या बोटांचा नाश होतो तो मांस आपोआप कुजून नव्हे, तर वेदनाच कळत नसल्यामुळे न कळत होणाऱ्या जखमांनी, हे त्यांनी दाखवून दिले. मग दाब सगळ्या तळव्यावर सारखा पसरेल अशा मऊ तळाच्या चपलांचा शोध सुरू झाला आणि त्यातून या रबराच्या चपला रूढ झाल्या. मधुमेहातही पायाची संवेदना कमी होते, म्हणून आज औषधांच्या दुकानात मधुमेहींसाठी त्याच चपला दिसतात. मधुमेह असणाऱ्या वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की तुमच्या पायाला जोडा चावतो आहे हे तुम्हाला कळेलच असे नाही. रोज रात्री तळवे पाहा, आणि कुरूप ब्लेडने कापण्याचा घरगुती उद्योग तर कुणीच करू नये.

भाचीला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. रोज तोच जोडा घालू नको, आड दिवस दुसरा घाल म्हणजे घामाने ओला झालेला तळ वाळतो. आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा जागच्या जागी टाचा वर-खाली कर, दहा-पंधरा वेळा. साडीच्या निऱ्यांमागे कुणाला दिसतही नाही, आणि पोटरीचा पंप चालू राहतो.

आता प्रश्न उरला दोन इंचांच्या नियमाचा. भाची हुशार. तिने दुकानातल्या चार मैत्रिणींनाही तोच जोडा घ्यायला लावला आणि पाचही जणी एका रांगेत मॅनेजरपुढे उभ्या राहिल्या. “सर, सगळ्यांचे सारखे दिसतात ना?” त्यांनी लांबून पाहिले, जवळून पाहिले आणि म्हणाले, “ठीक आहे.” त्यांना उंची नव्हे, सारखेपणा हवा होता. मग तिने धीर करून दोन स्टुलांचे विचारले. त्यावर “बघू” एवढेच उत्तर मिळाले. हे ‘बघू’ अजून चालू आहे.

कारण जोडा कितीही चांगला असला तरी दहा तास उभे राहण्यावर तो उतारा नाही. त्यावर उतारा एकच, मधूनमधून बसणे. १९४८ च्या कारखाना कायद्याने ४४ व्या कलमात लिहून ठेवले होते की उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय असली पाहिजे. इंग्लंडने तर दुकानातल्या बायकांना बसायला जागा द्या असा कायदा १८९९ सालीच केला. आपल्याकडे दुकानातल्या मुलींसाठी हे युद्ध केरळात लढले गेले. कोळिकोडच्या पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी कापड दुकानांतल्या बायकांना एकत्र आणले. भिंतीला टेकले तरी पगार कापतात, लघवीला जायची सोय नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्यातून २०१८ साली केरळने दुकाने-आस्थापना कायदा बदलून बसण्याचा हक्क दिला आणि २०२१ साली तमिळनाडूनेही तसा बदल केला.

बसून विकल्याने धंदा बसतो, असे म्हणणाऱ्या व्यापारी मंडळींना मी एकच आठवण देईन. आपल्या गावागावांतली जुनी कापडाची दुकाने आठवा. पांढऱ्या चादरीची गादी, लोड, शेटजी मांडी घालून बसलेले, गिऱ्हाईकही चपला बाहेर काढून समोर बसलेले, आणि नोकर गुडघ्यावर येऊन लुगड्यांच्या घड्या उलगडतो आहे. अख्ख्या लग्नाचा बस्ता बसूनच बांधला जाई. धंदा उभ्याने करायची रीत काचेच्या शोरूमसोबत आली.

लग्नसराईत तुम्ही बस्ता बांधायला जालच. समोरची मुलगी तिसावी साडी उलगडत असेल, आणि तुम्हाला अजून अबोली की मोतिया हे ठरवायचे असेल. त्या वेळी, “तूही बस ना गं जरा, आम्हाला काही घाई नाही,” एवढे वाक्य मोठ्याने म्हणा, मालकाला ऐकू जाईल इतके. दुकानातल्या मुलीने स्टूल मागितले तर ‘बघू’ म्हणतात. गिऱ्हाइकाने मागितले तर ते लगेच येते.